आईच्या नावावर खपवलेले औषध

पाच वर्षांखालच्या मुलाला जुलाब लागतात, आई त्याला कडेवर घेऊन दवाखाना गाठते. बाहेर पडताना तिच्या पिशवीत प्रतिजैविकाची बाटली असते, जुलाब ‘बांधणारे’ पातळ औषध असते, ‘चांगल्या जंतूं’च्या चार कुप्या असतात आणि जमल्यास एखादे ताकदीचे टॉनिक. ओआरएसचे पाकीट असेलच असे नाही. झिंकच्या गोळ्यांची शक्यता त्याहून कमी. याबद्दल विचारले, की खुर्चीवरून ठरलेले उत्तर येते : ‘काय करणार? नुसती पुडी दिली तर आईला पटत नाही. तिला औषध हवे असते. आम्ही नाही दिले, तर ती पलीकडच्या डॉक्टरकडे जाईल.’

हे उत्तर खेड्यातल्या बोगस डॉक्टरापासून शहरातल्या पदवीधरापर्यंत सगळे देतात. आरोग्य खात्यातले अधिकारी तेच ‘समाजात पुरेशी जागृती नाही’ अशा सरकारी भाषेत सांगतात. वारंवार ऐकून ते इतके अंगवळणी पडले आहे, की त्याला पुरावा मागावा असे कोणाच्या मनातही येत नाही. त्यात तीन दावे एकात एक गुंडाळलेले आहेत. पहिला, आई प्रतिजैविक मागते. दुसरा, दिले तर बिघडत काही नाही, झाला तर फायदाच. तिसरा, ओआरएस हे गरिबांचे किरकोळ औषध आहे, खरे काम बाटलीतले औषध करते. तिन्ही दावे तपासून झालेले आहेत, आणि तपासणीत तिन्ही पडले आहेत.

पहिल्यापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

‘सायन्स’ या नियतकालिकात फेब्रुवारी २०२४ मध्ये झकॅरी वॅग्नर, मनोज मोहनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बिहार आणि कर्नाटकातली २५३ गावे-शहरे, २,२८२ खासगी दवाखाने. प्रशिक्षण दिलेली माणसे बापाच्या भूमिकेत दवाखान्यात गेली आणि घरी असलेल्या लहान मुलाच्या जुलाबांचे वर्णन त्यांनी केले. काहींनी सांगितले, की मागच्या वेळी ओआरएसने बरे वाटले होते, आणि पाकिटाचा फोटो दाखवला. काहींनी प्रतिजैविकाबद्दल तसेच सांगितले. काही जण आपल्या पसंतीबद्दल काहीच बोलले नाहीत. काहींनी औषध दुसरीकडून घेणार असल्याचे आधीच सांगितले, म्हणजे डॉक्टरला विक्रीतून काही मिळणार नव्हते. शिवाय निम्म्या दवाखान्यांना सहा आठवडे पुरेल एवढे ओआरएस फुकट पोचवले होते, म्हणजे साठा संपल्याची सबब राहणार नव्हती.

ओआरएस न लिहिण्यामागची कारणे यातून वेगवेगळी मोजता आली. साठा नसणे या कारणाचा वाटा सुमारे ६ टक्के निघाला. विक्रीतून मिळणाऱ्या पैशाचा वाटा ५ टक्के. आणि ‘समोरच्या माणसाला ओआरएस नको असेल’ या डॉक्टरच्या समजुतीचा वाटा ४२ टक्के. बापाने नुसती ओआरएसची पसंती बोलून दाखवली, तर ते लिहून देण्याचे प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढले, म्हणजे जवळपास दुप्पट झाले. डॉक्टर बदलला नाही, त्याचे ज्ञान बदलले नाही, दुकान तेच राहिले. पालक एक वाक्य बोलला एवढाच फरक पडला.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ‘आई मागते म्हणून देतो’ असे सांगणारा डॉक्टर बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला मनापासून तसे वाटते. पण ती मागणी त्याने ऐकलेली नसते, गृहीत धरलेली असते. गप्प बसलेल्या पालकाच्या तोंडी त्याने स्वतःच वाक्य घातलेले असते आणि मग त्या वाक्याला उत्तर म्हणून बाटली दिलेली असते. आईही तीच बाटली पाहून शिकते. तीन वेळा जुलाब, तीन वेळा बाटली. चौथ्या वेळी ती खरोखरच बाटलीची अपेक्षा धरून येते. मग तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, की बघा, मागणी आहे.

याच निष्कर्षाने एक दुसरे, उलट बाजूचे आवडते स्पष्टीकरणही अडचणीत येते. औषधांच्या गैरवापराविरुद्ध लढणारे कार्यकर्ते सगळा दोष कमिशनवर टाकतात. औषध कंपन्या, त्यांचे प्रतिनिधी, दवाखान्याला लागून असलेले मेडिकल यांचे हितसंबंध खरे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध महाराष्ट्रात चार दशके बोलले गेले आहे ते योग्यच आहे. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषधपुरवठ्याचा आणि औषधवापराचा जो अभ्यास केला, त्यानेही अनावश्यक औषधांचा हा पसारा मराठी वाचकांसमोर ठेवला होता. पण जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस न मिळण्याचे मुख्य कारण लोभ आहे असे धरून चालले, तर उपाय चुकतो. उद्या सगळे कमिशन बंद झाले तरी त्या समजुतीपोटी ओआरएस राहूनच जाईल.

राहिला प्रश्न अज्ञानाचा. ‘प्रशिक्षण द्या’ ही प्रत्येक समितीची शेवटची शिफारस असते. ग्रामीण बिहारमधल्या ३४० उपचारकर्त्यांचा मोहनन यांचा आधीचा अभ्यास २०१५ मध्ये ‘जामा पीडिअॅट्रिक्स’मध्ये आला होता. त्यांतल्या बहुसंख्यांकडे वैद्यकीय पदवी नव्हती. आधी त्यांना काल्पनिक रुग्ण सांगून उपचार विचारले, नंतर न सांगता तसाच बनावट रुग्ण त्यांच्याकडे पाठवला. कागदावर जे ओआरएस सांगत होते, त्यांतल्या अनेकांना रुग्ण समोर आल्यावर ते आठवले नाही. ओआरएस द्यायचे आणि सोबत घातक वा निरुपयोगी काही द्यायचे नाही, असा संपूर्ण बरोबर उपचार प्रत्यक्षात एकानेही केला नाही. ज्ञान कमी होते हे खरे, पण जेवढे होते तेवढेही वापरले गेले नाही. ज्याला उत्तर येते आणि तरी तो चुकीचे लिहितो, त्याला पुन्हा तोच धडा शिकवून काय साधणार?

आता दुसरा दावा. ‘प्रतिजैविक दिलेले बरे. प्रयोगशाळा नाही, विष्ठेची तपासणी नाही, जंतू कोणता ते कळत नाही. मूल आधीच कुपोषित. उगाच जोखीम कशाला?’

ऐकायला हा युक्तिवाद दयाळू वाटतो, म्हणून तो सर्वांत जास्त खपतो. मेळघाट, पालघर, नंदुरबारची नावे घेतली की समोरचा माणूस गप्पच होतो. पण नेमका हाच प्रश्न घेऊन एक मोठी चाचणी झाली आहे. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया, मालावी, माली आणि टांझानिया या सात देशांतली दोन वर्षांखालची ८,२६८ मुले त्यात होती. सरसकट सगळी मुले घेतली नव्हती. पाण्यासारखे जुलाब आणि सोबत शोष (शरीरातले पाणी कमी होणे), किंवा कुपोषण, अशी जोखमीचीच मुले निवडली होती. निम्म्यांना तीन दिवस अॅझिथ्रोमायसिन, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये २०२१ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांत प्रतिजैविकाच्या गटात २० मुले दगावली, दुसऱ्या गटात २८, म्हणजे ०.५ आणि ०.७ टक्के. हा फरक योगायोगापलीकडचा आहे असे म्हणता आले नाही. कुपोषित मुलाच्या नावाने जो खात्रीचा आधार घेतला जातो, तो चाचणीतल्या कुपोषित मुलांमध्येही सापडला नाही.

याचे कारण अवघड नाही. लहान मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांमागे मोठ्या प्रमाणावर विषाणू असतात, त्यातही रोटाव्हायरस. २०१६ पासून सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस टप्प्याटप्प्याने आली ती त्यामुळेच. विषाणूवर प्रतिजैविकाचा परिणाम शून्य. जंतूंमुळे झालेले बरेचसे जुलाबही पाणी आणि क्षार भरून दिले तर आपोआप थांबतात. प्रतिजैविकाची खरी गरज मोजक्या ठिकाणी असते : शौचातून रक्त पडत असेल तर, पटकीचा संशय असेल आणि शोष तीव्र असेल तर, किंवा जुलाबासोबत न्यूमोनियासारखा दुसरा गंभीर संसर्ग असेल तर. रक्त आहे की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. आईला विचारावे लागते, लंगोट पाहावा लागतो.

अमीबावरच्या मेट्रोनिडाझोल या औषधाची गोष्ट याहून विचित्र आहे. ‘अमीबा’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला आहे, पण लहान मुलांच्या जुलाबांत तो क्वचितच सापडतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो किंवा जिआर्डिया दिसल्याशिवाय, किंवा रक्ती हगवणीवरची दोन योग्य औषधे वाया गेल्याशिवाय हे औषध देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना नियम आहे. त्याऐवजी बाजाराने मेट्रोनिडाझोलच्या कुळातले एक औषध आणि नॉरफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन एकाच बाटलीत घालून दिले. जंतू असो वा अमीबा, एका बाटलीत दोघांचा बंदोबस्त. म्हणजे निदान करायचेच नाही. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि न्यायालयीन फेऱ्यांनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ अशास्त्रीय मिश्रणांवर बंदी घातली, तरी निदान टाळून दोन औषधे एकदम देण्याची सवय बंदीने जात नाही.

‘बिघडत काही नाही’ हे तर उघडच असत्य आहे. प्रतिजैविकाने स्वतःच जुलाब होतात, आणि मग त्या जुलाबांवर आणखी एक बाटली येते. वेल्लोरमध्ये जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या अभ्यासात, पहिल्या सहा महिन्यांत ज्यांना प्रतिजैविके मिळाली त्यांना पुढे जुलाब जास्त वेळा झाल्याचे दिसले. आणि रक्ती हगवणीचा खरा जंतू, शिगेला. त्याच्यावरच्या औषधांचा इतिहासच माघारीचा आहे. आधी कोट्रायमोक्सॅझोल गेले, मग नॅलिडिक्सिक आम्ल, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळाला, म्हणजे फ्लोरोक्विनोलोनला, दाद न देणारा शिगेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये धोकादायक जंतूंच्या यादीत घातला आणि २०२४ च्या यादीत त्याचे स्थान आणखी वर नेले. ज्या मुलाला गरज नव्हती त्याला दिलेल्या बाटलीची किंमत ज्या मुलाच्या शौचात रक्त आहे ते मूल चुकवते.

तिसऱ्या दाव्यात मात्र एक खरी गोष्ट आहे, आणि ओआरएसचे समर्थक ती सहसा दडपून बोलतात. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. मूल पाकीट पिते आणि तरीही दिवसभरात आठ वेळा शौचाला जाते. आईने बसभाडे भरलेले असते, दिवसाची मजुरी बुडवलेली असते. संध्याकाळी लंगोट तितकेच भरताना दिसले, तर औषध लागू पडले नाही असे तिला वाटणारच. ही तिची अडाणी समजूत नाही. तिला कोणी सांगितलेलेच नसते, की हे पाकीट जुलाब थांबवण्यासाठी नाही, मूल सुकू नये म्हणून आहे, आणि मुले मरतात ती सुकल्यामुळे.

पाकिटामागचे विज्ञान किरकोळ नाही. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसे हे दार दोघांशिवाय उघडत नाही. उघडले की मागोमाग पाणी आत जाते. जुलाबांत आतड्याची बाकीची यंत्रणा कोलमडली तरी हे दार बहुधा चालू राहते. म्हणून नुसत्या मीठपाण्याने किंवा नुसत्या साखरपाण्याने काम होत नाही, प्रमाण लागते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर ते सिद्ध केले. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित भारतातल्या बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते, सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पिशव्या भरून घेतल्या आणि ते द्रावण पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. ३,७०० वर रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले; त्याआधी ते ३० टक्क्यांच्या आसपास होते. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि देशाने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

बनगावच्या त्या चिखलात ‘नातेवाइकांना पटत नाही’ असे म्हणायला कोणाकडे वेळ नव्हता. त्यांना भांडे आणि पेला दिला, काय करायचे ते सांगितले, आणि त्यांनी ते केले.

बांगलादेशाने पुढे हेच गावोगावी नेले. ‘ब्रॅक’ या संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्या १९८० ते १९९० या दशकात एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी यांचे द्रावण आयांना समोर बसून करायला लावले. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे केली यावर ठरत नव्हता. नंतर कोणी तपासायला गेले, तर आईला किती आठवते यावर ठरत होता. आज त्या देशात जुलाब झालेल्या दर दहा मुलांपैकी सात-आठ जणांना ओआरएस मिळते. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार हे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५०.६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ६०.६ झाले. झिंकचे २०.३ वरून ३०.५. सुधारणा आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण द्रावणाचे ऐतिहासिक काम ज्या देशाच्या भूमीवर झाले, तिथे दहांपैकी चार मुलांना २०१९-२१ मध्येही ते मिळत नव्हते.

जुलाब लवकर आटोपावेत ही आईची अपेक्षा रास्त आहे, आणि तिच्यासाठी एक औषध आहेच : झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलांत ते जुलाबाचा काळ सरासरी अर्ध्या दिवसाने कमी करते, कुपोषित मुलांत जवळपास एका दिवसाने. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची ती संयुक्त शिफारस आहे. त्याचीही अडचण खरी आहे. गोळी चमच्यात विरघळवून द्यायची, चव धातूसारखी, मूल ओकते. आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी भारतात १४ दिवस द्यायची, मग अर्धी पट्टी फडताळात राहते. दिल्ली आणि टांझानियात साडेचार हजार मुलांवर झालेल्या चाचणीत २० मिलिग्रॅमऐवजी १० किंवा ५ मिलिग्रॅमने तितकाच गुण येतो आणि ओकारी कमी होते, असे २०२० मध्ये दिसले : २० मिलिग्रॅमवर १९.३ टक्के मुलांना ओकारी, ५ मिलिग्रॅमवर १३.७. आईला खरोखर न पटणारे काही असेल, तर ते हे आहे, आणि त्यावर उपायही उपलब्ध आहे. प्रतिजैविक हा त्यावरचा उपाय नव्हे.

‘बांधणाऱ्या’ औषधांचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. लोपेरामाइडचे थेंब एकेकाळी लहान मुलांसाठी विकले जात. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात ते घेतलेल्या तान्ह्या मुलांची आतडी लुळी पडून मृत्यू झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत आले आणि उत्पादक कंपनीला ते थेंब मागे घ्यावे लागले. त्याआधी जपानमध्ये क्लिओक्विनॉल हे जुलाबाचे लोकप्रिय औषध दहा हजारांच्या आसपास माणसांच्या मज्जातंतूंना आणि दृष्टीला इजा करून गेले. १९७० मध्ये तिथे त्यावर बंदी आली. लोपेरामाइडसारख्या औषधाने आतडे हलायचे थांबले, की विष्ठा बाहेर पडत नाही. तिच्यातले विष आणि पाणी आतच साठते आणि लंगोट कोरडा पाहून सगळे निर्धास्त होतात. कुप्यांमधल्या ‘चांगल्या जंतूं’चे नुकसान एवढे नाही, पण २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, तिथे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लॅक्टोबॅसिलसचा जुलाब झालेल्या मुलांना काही उपयोग झाला नाही. त्या पैशांत घरात दूध आणि अंडी आली असती.

आणि सलाइन. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पावसाळ्यात दुपारी फेरी मारावी. दवाखान्याच्या बाकड्यावर बाटली लटकावलेली मुले दिसतील. तीव्र शोष असेल, मूल सुस्त पडले असेल, पिऊच शकत नसेल, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांहून जास्त वेळ वर राहत असेल, तर शिरेतून द्रव लागतोच आणि तेव्हा एक मिनिटही दवडू नये. तेव्हा द्यायचे असते रिंगर लॅक्टेट, वजनाच्या हिशोबाने, ठरलेल्या वेळात. जे मूल पाणी मागते आहे, ओठ चाटते आहे, त्याला चार तासांत दर किलो वजनाला ७५ मिलिलिटर ओआरएस पाजायचे असते. १० किलोच्या मुलाला पाऊण लिटर, चमच्याचमच्याने. पिऊ शकणाऱ्या अशा मुलाला ‘ताकदीसाठी’ लावलेल्या ग्लुकोजच्या बाटलीत त्याच्या शरीरातून गेलेले सोडियम आणि पोटॅशियम नसतेच.

दवाखान्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही, आणि ती बोलली पाहिजे. प्रतिजैविकाची बाटली द्यायला दहा सेकंद लागतात. ओआरएस द्यायला वेळ लागतो : एक लिटर पाणी कशाने मोजायचे, पाकीट अर्धे करून वापरायचे नाही, ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करायचे, अंगावरचे दूध चालू ठेवायचे, चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे. ओपीडीत शंभर माणसे रांगेत असताना हा वेळ कुठून काढायचा? हे म्हणणे खरे आहे. पण मग तेच म्हणावे. माझ्याकडे वेळ नाही असे म्हटले, तर त्यावर उपाय निघतो. आरोग्य केंद्रात परिचारिका असते, गावात आशा असते, दवाखान्यात मदतनीस असते, आणि वरच्या पाचही गोष्टी ती डॉक्टरइतक्याच नीट सांगू शकते. आपली अडचण आईच्या नावावर खपवली, की मात्र कोणताही उपाय सुचत नाही. कारण मग ‘समाज’ बदलायची वाट पाहणे तेवढे उरते.

दवाखान्याबाहेर, मेडिकलच्या काउंटरवर, आईच्या बाजूने लढणे आणखी कठीण आहे. ज्या आईने खरोखर ओआरएस मागितले, तिच्या हातात वर्षानुवर्षे नावात ‘ओआरएस’ असलेले गोड पेय पडत होते. २००२ पासूनच्या अधिकृत सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि २.६ ग्रॅम मीठ. त्या पेयांत साखर याच्या कित्येक पट, मीठ नाममात्र. आतड्यात साखर जादा झाली, की ती शरीरातले पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे एकहाती पाठपुरावा केला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली, त्याच वर्षी जुलैत सूचना छापण्याच्या अटीवर सवलत दिली, आणि ती सवलत ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतली. तीन वर्षांहून जास्त काळ नियामकाच्याच परवानगीने योग्य औषध मागणाऱ्या आईला चुकीची वस्तू मिळत राहिली. एवढे झाल्यावरही तिच्या ‘अडाणी मागणी’ची तक्रार करायला धैर्य लागते.

सरकारी यंत्रणेचा पवित्रा वेगळा आहे आणि तोही तपासला पाहिजे. २०१४ पासून देशभर जुलाब नियंत्रण पंधरवडा साजरा होत आला. २०२४ मध्ये त्याची दोन महिन्यांची मोहीम झाली, जुलै आणि ऑगस्ट. आशाताई घरोघरी पाकिटे पोचवतात, आरोग्य केंद्रांत ओआरएस-झिंकचे कोपरे सजतात. हे काम मोलाचे आहे. पण पाकीट वाटणे हा साठ्याच्या प्रश्नावरचा उपाय आहे, आणि खासगी दवाखान्यांच्या प्रयोगात साठ्याचा वाटा सुमारे ६ टक्केच निघाला. आजारी मूल घेऊन आई जेव्हा दवाखान्यात जाते, आणि बहुतेक वेळा ती खासगी दवाखान्यातच जाते, तेव्हा त्या खोलीत काय लिहिले जाते हे ही मोहीम मोजत नाही. अहवालात वाटलेली पाकिटे येतात आणि उघडलेले कोपरे येतात. न दिलेली प्रतिजैविके कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि ‘आपला दवाखाना’च्या ओपीडी नोंदवहीतून पाच वर्षांखालचे, शौचात रक्त नसलेले जुलाबाचे रुग्ण वेगळे काढावेत आणि त्यांच्यापुढे तीन रकाने भरावेत : ओआरएस दिले का, झिंक दिले का, प्रतिजैविक दिले का. तालुकावार बेरीज दर महिन्याला जाहीर करावी. खासगी दवाखान्यांत बिहार-कर्नाटकासारखे बनावट पालक वर्षातून एकदा पाठवावेत आणि निष्कर्ष डॉक्टरांच्या संघटनांना नावाशिवाय कळवावेत. आशाताईने पाकिटासोबत आईला एक वाक्य शिकवावे : ‘डॉक्टर, याला ओआरएस आणि झिंक द्या, रक्त पडत नाही, मग प्रतिजैविक कशाला?’ ओआरएसची पसंती नुसती बोलून दाखवल्याने काय होते, ते मोजून झाले आहे. आणि ते बोलण्याची जबाबदारी आईवरच टाकायची नसेल, तर डॉक्टरने बाटलीचे नाव लिहिण्याआधी तिला एवढेच विचारावे, की ओआरएस दिले तर पाजाल का. त्यावर ती ‘नको’ म्हणाली, तर तसे केसपेपरवर लिहून ठेवावे. वर्षभराने ते केसपेपर मोजले, की आई खरोखर किती वेळा नको म्हणते ते सर्वांनाच दिसेल.